नागीण आणि कांजिण्या : दोन नावे, एक संसर्ग

मुळशी खोऱ्यातील बोलीत अंगावर पाण्याचे फोड उठविणाऱ्या दोन दुखण्यांना दोन स्वतंत्र नावे आहेत, आणि प्रमाण मराठीतही ती तीच आहेत : कांजिण्या आणि नागीण. पहिले नाव लेकरांच्या दुखण्याचे, दुसरे बहुधा वडीलधाऱ्यांच्या. पहिले नित्य अनेकवचनी, दुसरे एकवचनी. मुलाला कांजिण्या ‘येतात’ किंवा ‘निघतात’. आजोबांना नागीण ‘होते’ किंवा ‘उठते’. कांजिण्यांचे नातेवाईक म्हणजे गोवर आणि देवी. नागिणीचे नाते सापाशी. या दोन शब्दांच्या रूपात, वचनात, क्रियापदांत वा भोवतीच्या समजुतींत असे काहीही आढळत नाही की ज्यावरून ही एकाच संसर्गाची दोन दर्शने आहेत असा संशय यावा. तथापि वस्तुस्थिती तीच आहे. ज्या विषाणूमुळे मुलाला कांजिण्या येतात तोच विषाणू पुढे चाळीस, पन्नास, साठ वर्षे त्याच्याच मज्जातंतूंच्या मुळाशी पडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर येतो. नागीण बाहेरून लागत नाही; ती आपलीच, बालपणची असते.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने रोगांविषयी लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. रोगाचे नाव म्हणजे रोगाविषयीचे एक मत असते. ते मत कोणी एकाने मांडलेले नसते, म्हणून त्याचे खंडनही कोणी करीत नाही. ते केवळ वापरले जाते. कांजिण्या आणि नागीण या दोन नावांनी मराठी भाषिकाला काय दाखविले आणि त्याच्यापासून काय झाकून ठेवले हे पाहावयाचे, तर संसर्ग शरीरात दडून कसा राहतो हे समजून घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

प्रथम ‘नागीण’ हे नाव घेऊ. ते मराठीपुरते नाही. कन्नडात या दुखण्याला ‘सर्पसुत्तु’ म्हणजे सापाचा वेढा म्हणतात. पाश्चात्त्य वैद्यकातील नाव ‘हर्पीस झोस्टर’ असे आहे. त्यातील ‘झोस्टर’ म्हणजे ग्रीकमध्ये कमरेचा पट्टा. इंग्रजीतील ‘शिंगल्स’ हा शब्दही पट्टा या अर्थाच्या लॅटिन ‘चिंगुलुम्’ या शब्दाचाच अपभ्रंश होय. अरबीत त्याला अग्नीचा पट्टा म्हणतात. नॉर्वेजियन लोक नरकाग्नी म्हणतात. पट्टा, आग आणि साप या तीन प्रतिमांभोवती जगातील नावे घोटाळत राहिलेली दिसतात, आणि ज्याने एकदा हे दुखणे सोसले आहे त्याला या तिन्हींचे नवल वाटणार नाही.

‘हर्पीस’ या शब्दाची व्युत्पत्ती तर आपल्या घरचीच आहे. ग्रीकमधील ‘हेर्पो’ म्हणजे सरपटणे. मूळ भारोपीय ‘स्’ शब्दारंभी स्वरापूर्वी ग्रीकमध्ये ‘ह्’ होतो हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. संस्कृत ‘सप्त’ आणि ग्रीक ‘हेप्टा’ हे नेहमीचे उदाहरण. त्या नियमाने ‘हेर्पो’ आणि संस्कृत ‘सर्पति’ ही एकाच धातूची रूपे ठरतात. लॅटिन ‘सेर्पो’ आणि त्यापासून आलेला इंग्रजी ‘सर्पंट’ हेही त्याच कुळातले. सारांश, डॉक्टर ‘हर्पीस’ म्हणतात आणि खेडूत ‘नागीण’ म्हणतो तेव्हा एक शास्त्र बोलतो आणि दुसरा अडाणीपणा, असे मानण्याचे कारण नाही. दोघांच्याही शब्दांत एकच सरपटणारी आकृती आहे. चरकसंहितेत ‘विसर्प’ या विकारावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि तो शब्दही याच धातूपासून झाला आहे. परंतु विसर्प म्हणजेच नागीण असे समीकरण मात्र मांडता येत नाही. धातू एक असला म्हणून रोग एक ठरत नाही.

नागिणीविषयीची सर्वांत प्रबळ समजूत अशी की तिचे तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळले की माणूस दगावतो. मुळशीतच काय, महाराष्ट्रात बहुतेक सर्वत्र ही समजूत आढळते, आणि सुशिक्षितांच्या घरातही ती दबक्या आवाजात सांगितली जाते. समजूत खोटी आहे. पण ती ज्या निरीक्षणावर उभी आहे ते निरीक्षण अत्यंत अचूक आहे. नागिणीचे फोड पाठीच्या मधोमध, कण्यापाशी सुरू होतात, बरगडीच्या वळणाने पुढे येतात आणि छाती वा पोटाच्या मध्यरेषेपाशी थांबतात. वेढा अर्धाच राहतो. ज्या कोणी हे दुखणे पुष्कळदा पाहिले असेल त्याच्या ध्यानात आले असले पाहिजे की नागीण पुढे सरकते आणि तरीही पुरा फेरा घालीत नाही. हा फेरा पुरा का होत नाही, या प्रश्नाला लोकांनी दिलेले उत्तर असे की तो पुरा झालेला माणूस सांगावयास उरत नाही.

खरे उत्तर शरीररचनेत आहे. पाठीच्या कण्यातून मज्जातंतूंच्या एकतीस जोड्या निघतात. प्रत्येक जोडीतील एक उजवीकडे जातो, एक डावीकडे, आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्वचेचा एक पट्टा येतो. स्पर्श, वेदना, उष्णता यांची वार्ता त्या पट्ट्यातून त्याच मज्जातंतूने कण्याकडे जाते. ही वार्ता वाहणाऱ्या पेशींचे पुंजके कण्याच्या दोन्ही अंगांना असतात. त्यांना आपण मज्जागंडिका म्हणू. नागीण होते ती अशा एखाद्या गंडिकेत. म्हणून ती एकाच बाजूस, एकाच पट्ट्यात उमटते आणि मध्यरेषेवर थबकते. पलीकडचा मुलूख दुसऱ्या गंडिकेचा असतो. हेन्री हेड आणि आल्फ्रेड कॅम्पबेल या दोघा वैद्यांनी १९०० साली नागिणीच्या रुग्णांच्या अंगावरील फोडांचे नकाशे काढून त्यांवरूनच मज्जातंतूंच्या या पट्ट्यांची मांडणी निश्चित केली, आणि मरणोत्तर तपासणीत संबंधित गंडिका सुजलेल्या वा जखमी असल्याचे दाखविले. म्हणजे शरीरशास्त्रज्ञांना जो नकाशा हवा होता तो नागिणीनेच त्वचेवर काढून दिला होता. क्वचित, विशेषतः ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे अशा रुग्णांत, दोन्ही बाजूंना वा सर्वांगावर फोड येतात आणि ती अवस्था गंभीर असते. परंतु ते गांभीर्य वेढा जुळल्याचे नव्हे.

आता दुसऱ्या दुव्याकडे वळू. नागीण आणि कांजिण्या यांचा संबंध प्रथम ध्यानात आला तो बुडापेस्ट येथील बालरोगतज्ज्ञ फॉन बोकाय यांच्या. घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की थोड्याच दिवसांत त्या घरातील मुलांना कांजिण्या येतात, असे त्यांनी १८९२ साली नोंदविले. १९२५ साली कुंड्राटिट्झ यांनी नागिणीच्या फोडातील द्रव मुलांना टोचला असता त्यांना कांजिण्यांसारखेच फोड आले. असा प्रयोग आज कोणीही करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. १९५०च्या दशकात टॉमस वेलर यांनी दोन्ही दुखण्यांतील विषाणू प्रयोगशाळेत वाढवून ते एकच असल्याचे सिद्ध केले. पोलिओच्या विषाणूवरील कार्याबद्दल १९५४चे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले तेच हे वेलर. शेवटचा पुरावा १९८४ साली आला : एकाच रुग्णाला आधी आलेल्या कांजिण्यांतील आणि नंतर झालेल्या नागिणीतील विषाणूंची जनुकद्रव्ये ताडून पाहिली, ती तंतोतंत जुळली. विषाणूचे अधिकृत नाव आज ‘व्हॅरिसेला-झोस्टर’ असे जोडनाव आहे. भाषेने जे तोडले होते ते परिभाषेने एका संयोगचिन्हाने जोडले.

हा विषाणू दडतो कसा? कांजिण्यांच्या वेळी तो रक्तातून सर्व त्वचेवर पोचतो. त्वचेतील संवेदनावाहक मज्जातंतूंच्या टोकांतून तो आत शिरतो आणि तंतूच्या आतून उलट दिशेने चढत गंडिकेतील मूळ पेशीपर्यंत जातो. काही विषाणू रक्तातील पांढऱ्या पेशींबरोबर थेट गंडिकांपर्यंत पोचत असावेत, असेही मानले जाते. तेथे त्याचे बाह्य कवच गळून पडते. उरते ते केवळ जनुकद्रव्य, सुमारे सव्वा लाख अक्षरांचे आणि सुमारे सत्तर जनुकांचे. ते वर्तुळाकार होऊन पेशीच्या केंद्रकात राहते. नवे विषाणू घडत नाहीत, पेशी मरत नाही, त्वचेवर काही दिसत नाही. निरोगी माणसांच्या गंडिकांत हे द्रव्य प्रत्यक्ष असल्याचे १९८३ साली दाखविण्यात आले.

येथे जागेची निवड महत्त्वाची आहे. त्वचेच्या पेशी काही आठवड्यांत झडून जातात. त्यांत राहिलेला पाहुणाही त्यांच्याबरोबर जाईल. मज्जापेशी जन्मभर टिकते आणि सहसा बदलली जात नाही. शिवाय शरीराचे रक्षक संसर्गग्रस्त पेशी ओळखतात त्या तिच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या परकीय प्रथिनांच्या तुकड्यांवरून. विषाणू प्रथिनेच घडवीत नसेल तर दाखविण्यासारखे काही उरत नाही, आणि मज्जापेशी असे तुकडे दाखविण्यात मुळातच काटकसरी असते. पेशी मारून टाकणे हा रक्षकांचा नेहमीचा उपाय येथे परवडणाराही नाही, कारण मेलेल्या मज्जापेशीच्या जागी दुसरी येत नाही.

या अवस्थेला एखाद्या पोथीची उपमा देता येईल. पोथी बासनात बांधून माळ्यावर ठेवलेली असते. तिच्यातील अक्षर न् अक्षर शाबूत असते, पण कोणी वाचीत नाही. उपमा बरीच दूर जाते, मात्र अखेरपर्यंत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार सुप्त अवस्थेतही विषाणूच्या जनुकद्रव्यातील एका विवक्षित भागाची नक्कल होत असते, आणि तो भाग विषाणूला सक्रिय करणाऱ्या एका जनुकाच्या उलट बाजूस वाचला जातो. पोथीचे एक पान उघडे राहते, आणि ते पान बाकीची पाने मिटलेली ठेवण्याच्या कामी येत असावे, असा तर्क आहे.

मग नागीण का उठते? कांजिण्या बऱ्या होताना शरीरात दोन प्रकारची आठवण राहते. एक रक्तातील प्रतिपिंडांची, दुसरी विशिष्ट पांढऱ्या पेशींची. प्रतिपिंडे उतारवयातही पुष्कळ टिकतात, तरी नागीण होते. तेव्हा तिला आवर घालणारी शक्ती दुसरी, पेशींची होय. वय पन्नाशीच्या पुढे गेले की ही शक्ती मंदावते. कर्करोगावरील उपचार, अवयवरोपणानंतरची औषधे, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे, एचआयव्हीचा संसर्ग यांनी ती अकाली मंदावते. १९९२ साली पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली त्या काळात तरुण माणसाला झालेली नागीण हे डॉक्टरांच्या दृष्टीने एचआयव्हीची शंका घेण्याचे एक कारण ठरत असे. आवर सुटला की एखाद्या गंडिकेत विषाणू पुन्हा घडू लागतो, पेशीवाटे पेशीत पसरतो, सारी गंडिका सुजते. नंतर तो ज्या वाटेने चढला होता त्याच वाटेने तंतूतून त्वचेकडे उतरतो. आग होते ती आधी आणि फोड दिसतात ते दोन-चार दिवसांनी, याचे कारण हेच. त्या मधल्या दिवसांत छातीतील कळ हृदयविकाराची आणि पोटातील कळ आंत्रपुच्छाची समजली जाणे अगदी शक्य असते. आयुष्यात केव्हा तरी नागीण होण्याचा संभव सर्वसाधारणपणे तिघांत एकाला असतो.

येथवर विषय एका शरीराचा झाला. त्याहून रोचक भाग समाजाचा आहे, आणि मुळशी तालुक्याचे उदाहरण तेथेच उपयोगी पडते.

इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या गावी रॉबर्ट होप-सिम्पसन नावाचे डॉक्टर होते. विद्यापीठाची जागा नाही, प्रयोगशाळा जेमतेम. केवळ आपल्या दवाखान्यात येणाऱ्या सुमारे साडेतीन हजार वस्तीतील माणसांच्या नोंदी त्यांनी चिकाटीने ठेवल्या. १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांत नागिणीचे १९२ रुग्ण त्यांनी पाहिले आणि १९६५ साली आपला सिद्धान्त मांडला : कांजिण्यांचा विषाणू गंडिकांत सुप्त राहतो, शरीराची शक्ती त्याला दाबून ठेवते, आणि ती एका पातळीखाली गेली की नागीण होते. शेटलंड बेटांपैकी येल या लहान बेटावरही त्यांनी जाऊन चौकशी केली. त्यांचा प्रश्न असा की इतक्या थोड्या वस्तीत कांजिण्या नाहीशा कशा होत नाहीत?

गोवराचे तसे नाही. गोवर एकदा येतो, गावातील सर्व अस्पर्शित मुलांना धरतो आणि इंधन संपले की विझतो. तो अखंड चालू राहावयाचा तर अडीच ते पाच लाखांची वस्ती लागते. फेरो बेटांवर १८४६ साली गोवर आला तेव्हा पीटर पानुम या डॅनिश वैद्याने तो तेथे पासष्ट वर्षांनी आला असल्याचे नोंदविले. सुमारे ७,८०० वस्तीपैकी सहा हजारांवर माणसे आजारी पडली, आणि १७८१च्या साथीत गोवर होऊन गेलेले वृद्ध तेवढे सुटले. मधली पासष्ट वर्षे बेटावर गोवर नव्हताच. तो बाहेरून यावा लागला. कांजिण्यांना मात्र बाहेरून यावे लागत नाही. गावातील शेवटच्या मुलाच्या कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू प्रौढांच्या गंडिकांत शिल्लक असतो. मधल्या काळात नवी पिढी जन्मते, आणि एखाद्या आजीला नागीण होते. तिच्या फोडांतील द्रवाच्या संपर्काने नातवाला कांजिण्या येतात आणि वस्तीत पुन्हा सुरुवात होते. माणसाचे आयुष्य हाच या विषाणूचा पूल आहे.

मुळशीचे खोरे डोळ्यांपुढे आणावे. मुळा नदीवरील धरण १९२७ साली पुरे झाले. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आदींनी केलेला सत्याग्रह सर्वांस परिचित आहे. पाणी भरल्यावर खोऱ्याचा तळ बुडाला आणि उरलेली वस्ती डोंगरउतारांवर विखुरली. ताम्हिणीच्या बाजूस पाऊस असा की पक्की सडक नव्हती त्या काळी वाडी वाडीपासून पावसाळ्याचे महिने तुटून राहावी. पन्नास उंबऱ्यांच्या अशा वाडीत गोवर आणि देवी बाहेरच्या माणसाबरोबर येणार : लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर, बाजारकऱ्याबरोबर, मुंबईहून परतलेल्या गिरणी कामगाराबरोबर. ‘देवी आल्या’, ‘गोवर आला’ यांतील ‘येणे’ हे क्रियापद अक्षरशः खरे होते. कांजिण्यांनाही तेच क्रियापद लावले गेले. पण कांजिण्या आलेल्या घरात त्या भर पावसाळ्यात, वाट बंद असताना, कोठून आल्या याचा शोध घेतला असता तर उंबऱ्याबाहेर जाण्याची गरज नेहमीच पडली नसती. ओसरीवर गेरू लावून निजलेल्या म्हाताऱ्याकडे मात्र कोणी बोट दाखविले नसते. त्याला कांजिण्या नव्हत्या. त्याला नागीण झाली होती. दोन नावांनी झाकलेले नेमके हे. आज याच तालुक्यात हिंजवडीचे संगणकनगर आहे आणि कोणताही रोग पुण्याहून तासाभरात येऊ शकतो, म्हणून हा युक्तिवाद जुन्या वस्तीलाच लागू आहे; पण घरातल्या घरात होणारे ते संक्रमण आजही तसेच होते.

देवींचे निर्मूलन होऊ शकले याचे एक कारण येथेच सापडते. देवीचा विषाणू बऱ्या झालेल्या माणसात दडून राहत नसे. म्हणून रुग्णाभोवतीच्या सर्वांना ‘देवी काढून’ साखळी तोडता आली. भारतात १९७५नंतर रुग्ण आढळला नाही आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. कांजिण्यांचा शेवटचा रुग्ण बरा झाला तरी पुढील सत्तर-ऐंशी वर्षे तशी घोषणा करता येणार नाही.

दडून राहणाऱ्या सर्वच संसर्गांना मराठीत ‘सुप्त’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा शब्द कोठे शोभतो आणि कोठे नाही हेही पाहिले पाहिजे. तो सर्वांत शोभतो हिवतापाच्या एका जातीला. व्हायव्हॅक्स या जातीचे परोपजीवी रक्तात उतरण्यापूर्वी यकृतात वाढतात, पण त्यांपैकी काही तेथेच एकपेशी अवस्थेत पडून राहतात आणि आठवड्यांनी वा महिन्यांनी जागे होतात. १९८० साली प्रथम माकडांतील हिवतापात ते प्रत्यक्ष पाहण्यात आले. त्यांचे नाव ‘हिप्नोझोइट’. ग्रीक ‘हिप्नोस’ म्हणजे झोप; आणि वर सांगितलेल्या ‘स्’-‘ह्’ नियमाने हा शब्द संस्कृत ‘स्वप्’ धातूचा, म्हणजे ‘स्वप्न’ आणि ‘सुप्त’ यांचा सख्खा भाऊ ठरतो. अशा वेळी आपली बोली ‘ताप उलटला’ असे म्हणते. ‘उलटणे’ या क्रियापदात पथ्य मोडल्याचा किंवा औषध न लागल्याचा ठपका असतो, आणि येथे तो अर्धवट खरा आहे : रक्तातील परोपजीवी मारणारे औषध तीन दिवसांत ताप उतरविते, यकृतात झोपलेल्यांसाठी दिले जाणारे प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते, आणि ताप गेल्यावर गोळ्या चालू ठेवण्याचे प्रयोजन पुष्कळांना पटत नाही. (काही जणांच्या रक्तात एका विकराची जन्मजात उणीव असते, त्यांना हे औषध बाधते, म्हणून ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.)

क्षयाला ‘सुप्त’ हा शब्द तितकासा शोभत नाही. क्षयाचे जंतू फुफ्फुसातील भक्षक पेशींच्या आत जिवंत राहतात आणि शरीर त्यांच्याभोवती पेशींची तटबंदी उभारते. ही झोप नव्हे, वेढा आहे. आणि वेढ्यातील सैन्य झोपलेले असतेच असे नाही. आयसोनियाझिड हे औषध मुख्यत्वे वाढणाऱ्या जंतूंवर चालते, तरीही ते सुप्त म्हटल्या जाणाऱ्या संसर्गात दिल्यास पुढील आजार टळतो. यावरून त्यांतील काही जंतू मंद गतीने का होईना हालचाल करीत असले पाहिजेत असे अनुमान निघते. वेढा किती टिकतो? डेन्मार्कमध्ये एका रुग्णात तेहतीस वर्षांपूर्वीच्या संसर्गाचेच जंतू पुन्हा सक्रिय झाल्याचे जनुकीय पुराव्याने दाखविले गेले आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयाचा संसर्ग आढळला. त्यांतील बहुतेकांना आजार कधीच होणार नाही.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की ‘सुप्त संसर्ग’ ही रूढ संज्ञा मोडण्याचे कारण नाही, पण पुढच्या घटनेसाठी ‘पुनःसक्रियण’ असा जड शब्द घडविण्यापेक्षा बोलीतील ‘उठणे’ हाताशी ठेवावे. झोपलेला उठतो, फोड उठतात आणि नागीणही उठते. म्हणून लोकांना सुप्तावस्थेचे ज्ञान होते असा अर्थ मात्र काढू नये. पित्तही उठते आणि पुरळही. क्रियापदावरून वैद्यक काढण्याचा मोह भाषाभ्यासकाने आवरलेला बरा.

उपचारांच्या बाबतीत नावाचा परिणाम अधिक प्रत्यक्ष आहे. साप म्हटला की तो उतरविणारा आला. नागीण मंत्राने उतरविणारे आणि गेरूचा लेप देणारे जाणते खेडोपाडी आहेत, आणि त्यांचा गुण येतो असे लोक शपथेवर सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. नागिणीचे फोड उपचार न करताही दोन ते चार आठवड्यांत सुकतात. त्या काळात जो कोणी काही करील त्याला यश मिळते. परंतु विषाणूला आळा घालणारी ॲसायक्लोव्हिरसारखी औषधे फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केली तर त्यांचा खरा उपयोग होतो, आणि उतरविणाऱ्याकडे जाण्यात नेमके तेच तीन दिवस जातात. फोड गेल्यावरही महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, त्या जागी आग होत राहते. लुगड्याचा काठ लागला तरी सोसवत नाही. वय जितके अधिक तितकी ही शक्यता अधिक. पन्नाशीनंतर घेण्याची दोन मात्रांची लस २०२३पासून भारतात मिळते आणि चाचण्यांत तिने नव्वद टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले आहे, मात्र तिची किंमत खेड्यातील कुटुंबाला सहज पेलणारी नाही. फोड झाकून ठेवणे मात्र कोणालाही जमते. ज्यांना कांजिण्या येऊन गेलेल्या नाहीत किंवा त्यांची लस मिळालेली नाही अशी लहान मुले आणि अशा गर्भवती स्त्रिया यांच्यापासून, खपल्या धरेपर्यंत, नागिणीच्या रुग्णाने दूर राहावे.

आणखी एक गोष्ट. नागीण नेहमीच कमरेला वा छातीला होत नाही. दहांतील एकदोघांना ती चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या वरच्या शाखेत होते. तेव्हा कपाळाच्या एका बाजूस, पापणीवर आणि कधी नाकाच्या शेंड्यावर फोड येतात. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतील भागाला एकाच तंतूचे फाटे जातात, म्हणून तेथील फोड हा डोळ्याला धोका असल्याचा इशारा होय. एकोणिसाव्या शतकात जोनाथन हचिन्सन यांनी तो ओळखला. अशा रुग्णाने त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले पाहिजे, अन्यथा दृष्टी जाऊ शकते. पण ‘नागीण’ या शब्दात वेढा गृहीत आहे, आणि कपाळाला वेढा पडत नाही. त्यामुळे कपाळावरच्या या फोडांना ते नाव सहजी सुचत नाही. ते उष्णतेचे म्हटले जातात, किडा चावल्याचे म्हटले जातात, आणि त्यांवर चंदन उगाळून लावले जाते.